पाण्याला नाही म्हणणं

"काटा खोटा हाये तुमचा! कापसाच्या काट्यात मारतेत हे म्या जिंदगीभर पाह्यलं. आता मानसाच्या काट्यातही मारून राहिले काय?"

अमरावतीच्या डायलिसिस सेंटरात वजनकाट्यावर उभे राहून सुदामराव तायडे ओरडत होते. त्या आवाजानं ओळीतल्या सगळ्या मशीनांनी एकाच वेळी टीं टीं सुरू केलं. आवाजानं मशीन वाजत नसते हे मलाही कळतं. पण त्या दिवशी जे तिथं झोपलेले होते त्यांना विचारा, माझ्याच बाजूनं साक्ष देतील.

"काकाजी, काटा बरोबर आहे," वैशाली सिस्टर म्हणाली. "परवा इथून गेले तेव्हापेक्षा साडेचार किलो वाढले तुम्ही."

"मंग चांगलं हाये ना. तब्येत सुधरून राहिली."

"तब्येत नाही हो ती. पाणी आहे."

"साडेचार किलो पानी? म्या काय टँकर हावो?"

वैशालीनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय असे सुजले होते की चपलेचा पट्टा आत कुठं गेला ते शोधायला पोलीस लागले असते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, सोबत तुम्हीच असता ना? मग काय पाहत असता?"

घ्या! म्हणजे पाणी प्यायचं सुदामरावांनी आणि बोलणी खायची मी. मी त्यांचा ना पोरगा, ना भाचा, ना जावई. बडनेऱ्यात त्यांच्या घराला लागून माझं घर, बाजारात माझं भाजीचं दुकान आणि भाजी आणायला एक जुनी व्हॅन. त्या व्हॅनमुळे मी अडकलो. आठवड्यातून तीनदा सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक उतरवायचा आणि त्याच जागी सुदामराव आणि कांताकाकू चढवायचे. गाडीत सांबाराचा वास इतका मुरला होता की सेंटरातले लोक डोळे मिटूनही ओळखायचे, तायडे आले.

त्यांचा आजार तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण डॉक्टरनं सांगितलेला तो सुदामरावांना सोडून सगळ्या बडनेऱ्याला समजला होता. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. लघवी जवळजवळ बंद. म्हणजे वरून जे पाणी जाईल ते खाली निघायची वाटच नाही. ते आधी पायात साचतं, मग पोटात, आणि मग छातीत चढतं. छातीत चढलं की माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. मशीन चार तास रक्त गाळते आणि साचलेलं पाणी ओढून घेते. पण एवढं पाणी एका बैठकीत ओढायचं म्हणजे भिजलेली सतरंजी पिळल्यासारखं. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की सुदामराव मशीनच्या खानदानाचा उद्धार करायचे. म्हणून दिवसाचं पाणी बांधून दिलेलं. काकूंनी त्या मापाची एक बाटली भरून ठेवली होती. दिवसभरात तेवढंच.

आता हे माप कुणाला दिलं होतं ते ऐका.

सुदामराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. साडेसहा फूट उंची. सरकारी कागदावर थोडी कमी असेल, पण माझ्या कंपाउंडच्या भिंतीवरून मान काढून ते माझ्या ताटात काय आहे ते सांगायचे, म्हणून मी साडेसहाच धरतो. आवाज असा की रिटायर झाल्यावरही त्यांनी अंगणातून "चला!" म्हटलं की यार्डात एखादं इंजिन हलायचं. आणि रिटायर झाल्यावर त्यांनी धंदा कोणता धरला? सोयरिकी जुळवायचा. धंदा म्हणायचं आपलं, पैसा एक घेत नव्हते. आपल्या बौद्ध समाजातली पोरं-पोरी, चांदूर रेल्वेपासून पार अकोल्याच्या पलीकडंपर्यंत, त्यांच्या तोंडपाठ. त्यांनी जुळवलेल्या लग्नांच्या वराती एकामागं एक लावल्या असत्या तर पहिला बँड अकोल्यात वाजला असता आणि शेवटचा नवरदेव बडनेऱ्यातच शेरवानीचं बटण लावत बसला असता.

घर कसं आहे ते ते पाण्यावरून ओळखायचे. ही त्यांची विद्या होती. "लेका विजू," मला सांगायचे, "पोट्टी पाहू नको, फर्निचर पाहू नको. पानी कोन आनते ते पाह्य. गिलास वरून धरला म्हनजे बोटं पान्यात. तथी पोरगी देऊ नये. पोरानं उठून सोता पानी आनलं तं डोळे मिटून हो म्हन. अन् गिलासाखाली ताटली असन तं समज, लोकं कर्जात हायेत पन इज्जत राखून हायेत."

आणि समोर आलेलं पाणी ते कधी नाकारायचे नाहीत. कुणाचंच नाही. दिवसात दहा घरं झाली तर दहा गिलास. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरात बोलावलं, बुद्धाच्या मूर्तीखालच्या खुर्चीवर बसवलं, समोर गिलास ठेवला आणि मी काय करतो ते डोळे न मिटता पाहत राहिले. मी उन्हातून आलो होतो, एका दमात प्यायलो आणि दुसरा मागितला. तिथंच माझी जन्माची सोयरीक जमली. त्या दुसऱ्या गिलासानं मी किती वर्षं व्हॅन चालवली!

हे असं का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मशीनवर असताना. डाव्या हाताची नस जोडून सुया लावायची जागा केलेली असते, फिस्टुला म्हणतात. त्यातून रक्त धावतं ते हाताला लागतं, घरर्र घरर्र. गल्लीतल्या पोरांना बोलावून ते हाताला कान लावायला सांगायचे, "मालगाडी जाऊन राहिली का नाही?" त्या दिवशी त्याच हाताकडे पाहत त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन. क्वार्टरवर एकदा वडिलांच्या कामावरचा एक माणूस काही निरोप घेऊन आला. आईनं घासूनपुसून लोटा-गिलास समोर ठेवला. तो म्हणाला, "आताच पिऊन आलो." आणि उठून शेजारच्या क्वार्टरात गेला आणि तिथं उंबऱ्यावर बसून लोटाभर पाणी गटागटा प्यायला. सुदाम दारात उभा होता.

"मायनं ते पानी फेकलं नाही," सुदामराव म्हणाले. "सोताच पेली. मले म्हने, पोटात जागा नसन त्याच्या. मंग म्या ठरवलं, आपून कोनाले असं म्हनाचं नाही."

आता अशा माणसाला डॉक्टरनं काय सल्ला द्यावा? त्या बिचाऱ्या तरुण डॉक्टरला काय माहीत! तो हसत हसत म्हणाला, "काका, सोपं आहे. कोणी पाणी पुढं केलं की सांगायचं, आत्ताच पिऊन आलो."

त्यानंतर तिथं जे झालं ते मी लिहीत नाही. डॉक्टर चांगला होता, त्यानं पुढेही ट्रीटमेंट चालू ठेवली, एवढं सांगतो.

किडन्या कशा गेल्या म्हणाल तर काही चमत्कार नव्हता. बीपी होतं वीस वर्षांपासून. डोकं दुखलं की बीपीची गोळी घ्यायची, दुखायचं राहिलं की बंद. त्यांच्या मते बीपी म्हणजे पाहुणा. आला तेव्हा चहा द्यायचा, गेल्यावर कशाला द्यायचा? डोकं न दुखताही बीपी आतून किडन्या खात बसतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी सांगितलं होतं, काकूंनी सांगितलं होतं, रेल्वेच्या दवाखान्यात भिंतीवर लिहिलं होतं. त्यात गुडघे दुखायचे, म्हणून मेडिकलवरून स्वतःच्या मनानं दुखीच्या गोळ्या, त्याही चणे खाल्ल्यासारख्या. त्या गोळ्यांनी किडनीची उरलीसुरली वाट लावली. वर्षातून एकदा साधी रक्ताची आणि लघवीची तपासणी केली असती तर दहा वर्षं आधी कळलं असतं. आपण कुठं करतो? मीही करत नव्हतो. सुदामरावांचा रिपोर्ट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबच्या दारात मी पहिला उभा होतो, लॅबवाल्याच्या आधी.

सुदामराव मात्र सगळा दोष आजोळच्या पाण्यावर टाकायचे. आजोळ खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी असं खारट की डाळ शिजता शिजत नाही. "लहानपनीच खराब झाल्या माह्या किडन्या. आता चांगलं पानी पेलो की धुऊन निघतीन." हे त्यांचं शास्त्र! गाळणी तुंबली, तर वरून आणखी पाणी ओता. मी म्हटलं, "काकाजी, मोरी तुंबली की तुम्ही नळ सोडता का?" तर म्हणाले, "तू भाजी इक."

आणि पाण्याचा हिशेब त्यांचा पाहावा! बाटलीतलं पाणी तेवढंच पाणी. चहा पाणी नाही, तो चहा. कढी पाणी नाही, ते जेवण. वरण, ताक, टरबूज, आइस्क्रीम यांतलं काहीच पाण्यात धरायचं नाही. काकूंनी बाटलीवर रेघा मारल्या, तर हे म्हणे, "रेल्वेत बत्तीस वर्सं नौकरी केली, मले पावती दाखवू नको." वैशालीनं सांगितलं, बर्फाचा तुकडा चघळा, चूळ भरून टाका, लिंबाची फोड तोंडात धरा. त्यांनी चूळ भरली आणि टाकायची ती गिळली. "गलतीनं गेली," म्हणाले. दिवसातून किती वेळा गलती होते माणसाची!

वैशाली खरं सांगायची, "काकाजी, पाणी सोडणं अवघड नाही. मीठ सोडा, तहान आपोआप कमी होईल." पण मीठ सोडायचं म्हणजे ठेचा सोडायचा, लोणचं सोडायचं, खारे शेंगदाणे सोडायचे. काकू बिनमिठाची भाजी करायच्या. तीही आधी चिरून, उकळून, ते पाणी फेकून, कारण भाजीतलं पोटॅशियम चढलं तर हृदय थांबतं. माझ्या दुकानातून पालक, टमाटर, बटाटे त्यांच्या घरी जाणं बंद झालं. दोडका, दुधी, कोहळं एवढंच. सुदामराव ताटाकडे पाहून म्हणायचे, "विजू, ही भाजी मयत हाये का?" आणि संध्याकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशातून शेंगदाण्याची टरफलं निघायची. काकू ती टरफलं माझ्यासमोर टेबलावर ठेवायच्या. मला वाटायचं मीच खाल्ले.

त्यात आपले लोक. आजारी माणसाला भेटायला जायचं तर अमरावतीचा माणूस काय नेतो? संत्री. दुसरं त्याला सुचतच नाही. आणि पैसेवाला असला तर संत्री आणि वरून शहाळं. म्हणजे किडनीच्या माणसाला जी दोन फळं विषासारखी, तीच प्रेमानं पिशवी भरून दारात. एक आला, दोन आले; हंगामात त्यांच्या घरात इतकी संत्री साचली की गल्लीतल्या पोरांची तोंडं नारिंगी झाली आणि गाई साली पाहून रस्ता बदलू लागल्या. मी फाटकावर खडूनं लिहिलं, "संत्री आणू नयेत." दुसऱ्या दिवशी एक भला माणूस मोसंबी घेऊन आला. आणखी एकानं तर आपल्या मनानं ते कमी सोडियमवालं मीठ आणलं, "यानं काही होत नाही" म्हणून. वैशालीनं डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. त्यात सगळं पोटॅशियमच. काय करावं अशा लोकांचं? मारायला येत नाहीत, म्हणून मारताही येत नाही.

अशातच कांताकाकूंनी ठरवलं, आपली किडनी द्यायची.

कांताकाकू म्हणजे सुदामरावांच्या खांद्याखाली मावणाऱ्या, चाळीस किलोच्या असतील नसतील. सुदामराव एक तास बोलायचे तेव्हा त्या एक शब्द बोलायच्या आणि तोच शेवटचा असायचा. नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्या तपासण्यांवर तपासण्या झाल्या, परवानगीच्या कमिटीसमोर बसावं लागलं. तिथं एका साहेबानं विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? काकू म्हणाल्या, "मले? कोन करीन?" साहेबानं सुदामरावांकडे पाहिलं, हसला आणि सही केली.

जुळली. तारीखही मिळाली. आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सुदामरावांना एक वाक्य सांगितलं, "नवी किडनी बसली की मग भरपूर पाणी प्यायचं. तेव्हा प्यायलंच पाहिजे." सुदामरावांनी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. परत येताना गाडीत वर्ध्यापर्यंत तेच. "भरपूर म्हनला ना बे तो? भरपूर?" मी म्हटलं, "हो, भरपूर. पण तवरोक नाही. छातीत पाणी भरलं, इन्फेक्शन झालं, की तारीख गेली. आयकलं ना तेही?" तर खिडकीबाहेर पाहत बसले.

फक्त तेवढे दिवस काढायचे होते. बाटलीत राहायचं, बस्स. काकूंनी त्यांची घरोघरी जाण्याची वाट बंद केली. कारण गंमत अशी की पाण्यावर बंधन आल्यापासून त्यांचं सोयरिकीचं काम दुप्पट वाढलं होतं. ज्या घरी लग्नाचं कुणी नाही तिथंही चौकशीला जायचे. बारक्या पोरांच्या सोयरिकी आताच पाहून ठेवायचे. मी काकूंना म्हणायचो, किती जीव आहे बघा समाजावर! काकू म्हणायच्या, "हूं."

आणि मग बार्शीटाकळीचा फोन आला.

तिथल्या इंगळ्यांची पोरगी आणि चांदूर रेल्वेचा पोरगा, हे सुदामरावांचं शेवटचं अर्धवट राहिलेलं काम. सगळं ठरत आलेलं, पण पोराकडचे म्हणाले, तायडे साहेब बैठकीत असतील तरच शब्द देऊ. काकू नाही म्हणाल्या. मी नाही म्हणालो. वैशाली फोनवर नाही म्हणाली. सुदामरावांनी जेवण सोडलं. मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू नेजो. नजर हटवू नको."

सकाळी निघालो. ऊन असं की मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता वितळून गाडीला चिकटत होता. अर्थात जरा कमी वितळला असेल. दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी, म्हणजे अंगात आधीच पाणी साचलेलं. मी वाटेतच ठरवलं, लाज सोडायची. इंगळ्यांच्या घरात पाय ठेवल्याबरोबर, जयभीम झाल्याबरोबर, मी सगळ्या बैठकीसमोर उभा राहून जाहीर केलं, "मंडळी, यांच्या किडन्या बंद आहेत. पाणी, सरबत, चहा, ताक, काहीही द्यायचं नाही. यांनी नाही म्हटलं तर अपमान समजू नका. अन् हो म्हटलं तर मला सांगा."

सुदामरावांनी मला असं पाहिलं की नजरेनंच माझी व्हॅन पंक्चर झाली असावी, कारण पुढं ती खरोखरच झालेली निघाली.

पण इंगळे मंडळी समजूतदार. पोरीची आई रेखाबाई लगेच म्हणाली, "माह्या भावाचंही असंच होतं जी. आमाले समजते." आणि ती आत गेली आणि मीठ ठेवायच्या इवल्याशा वाटीत दोन घोट पाणी घेऊन आली, खाली ताटली. "एवढं तं चालते ना?" सुदामरावांनी ती वाटी दोन बोटांत धरली, डोळ्याला लावली आणि घोट घोट प्यायले. बैठकीतला एक म्हातारा डोळे पुसायला लागला. पोराकडच्यांनी तिथंच होकार दिला. मी म्हटलं, जिंकलो. या माणसाचा इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सुखरूप पाहुणचार केला.

मग बाहेर येऊन पाहतो तर चाक बसलेलं. स्टेपनीही बसलेली, ती तर मी गाडी घेतली तेव्हापासूनच तशी होती. चाक काढून, एका ऑटोवाल्याला विनवून पंक्चरवाल्याकडे गेलो. तो जेवायला गेलेला. आला, तर लाइट गेलेली. सुदामराव इंगळ्यांच्या घरी होते आणि पुढं त्यांच्या भावकीत दोन-चार घरी बोलावणं होतं, हे मला माहीत होतं. पण सगळ्यांनी ऐकलंय, सगळ्यांना समजतं, मग भीती कशाची?

परत आलो तेव्हा सुदामराव लिंबाखाली खाटेवर बसलेले, खूश. इतके खूश मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर गाणं म्हणत होते. अकोला यायच्या आधीच गाणं थांबलं. मग म्हणाले, "काच खाली कर." काच खालीच होती. मग पुढं वाकून, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून बसले आणि श्वास असा घ्यायला लागले की जणू एकेक श्वास मालधक्क्यावरून उचलून आणावा लागतो आहे.

अकोल्यातल्या दवाखान्यात नेलं. तोंडावर ऑक्सिजन, लगेच मशीन. मी खाटेपाशी उभा राहून, लाज-शरम सोडून, ओरडलो, "किती पेलात? अं? कोणी पाजलं? नावं सांगा!"

मास्क बाजूला करून ते म्हणाले, "लोकायनं आग्रह केला बे. नाही म्हनता आलं नाही."

बडनेऱ्याहून काकू आल्या. खाटेजवळ उभ्या राहिल्या, नाकातोंडातल्या नळ्या पाहिल्या आणि मला म्हणाल्या, "माही किडनी घेऊन हे काय करतीन रे? तिले बी पाहुनचारालेच नेतीन." आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यातून वाचले. पण छातीत इन्फेक्शन राहून गेलं, नागपूरची तारीख गेली. दुसरी मिळेल म्हणाले, आधी छाती साफ होऊ द्या. छाती काही साफ होईना. माणूस उतरत गेला. शर्ट तेच, आत सुदामराव कमी. माझ्या भिंतीवरून डोकं दिसेनासं झालं.

शेवटचं पाहिलं ते एका सकाळी. नळ आला होता. आमच्याकडे नळ आला की सण असतो. काकू पाइप लावून अंगणातला ड्रम भरत होत्या. सुदामराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पायाखाली पाट, गळ्याशी टॉवेल. मी भाजी घेऊन निघालो होतो, हाक मारली, "काकाजी, येतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पाण्याच्या धारेकडे पाहत होते. ड्रम भरून वाहायला लागला तेव्हा एकदम सगळा जुना आवाज काढून ओरडले, "पाइप काढ व! वाया चाललं!" मी हसत हसत गाडी सुरू केली. दुपारी काकूंचा फोन आला.

आणि माझा राग तेव्हापासून खदखदत होता. किडनीवर नाही, बीपीवर नाही, बार्शीटाकळीवर. ज्यांना हात जोडून सांगितलं, "पाजू नका", त्यांनीच आग्रह करकरून पाजलं. भाजी तोलताना मला त्या भावकीतल्या लोकांची तोंडं दिसायची. कुणी "इंगळे" नावाचं गिऱ्हाईक आलं तरी मी मिरचीचा भाव जास्त लावायचो.

म्हणून सुदामरावांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रेखाबाई आणि तिचा नवरा आले तेव्हा मी मंडपातच सुटलो. पोरीचं लग्न ठरल्याप्रमाणे होणार होतं, पहिली पत्रिका बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायला त्यांनी आणली होती. मी म्हटलं, "लाज वाटते का? एवढ्या लोकांसमोर मी बोंबलून सांगितलं होतं! इकडं ही बाई स्वतःचं अंग कापून द्यायला बसली होती, अन् तुम्ही त्या माणसाला घरोघरी बसवून पाजत राहिले! एक माणूस सुखानं राहू शकत होता! तुमचा पाहुणचार चुलीत घाला!"

काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत. रेखाबाईचा नवरा खाली पाहत राहिला. रेखाबाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आमी आग्रह नाही जी केला," ती म्हणाली. "भावकीत कोनी हात नाही लावू देला गिलासाले. तुमी चाक घेऊन गेले, मानसं बाहेर बसले होते, तवा ते सोताच आतमंदी आले, मडक्यापाशी. म्हने, बाई, लय तहान लागली. मंग देलं."